चेहरे राहू द्या, आधी खोली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी हाँगकाँगहून आणलेलं एक उभं चिनी चित्र घरात आहे. रेशमावर काढलेलं, वरखाली लाकडी दांडे लावलेलं, गुंडाळून ठेवता येणारं. चित्रात एका सजवलेल्या खोलीत तीन स्त्रिया आहेत. एक टेबलाशी पुस्तक उघडून बसली आहे पण बघते दुसरीकडेच, एक हातात गोल पंखा घेऊन उभी आहे, तिसरी चहा आणते आहे. मागे डोंगरनदीचं चित्र असलेला आडपडदा, फुलदाणीत शेवंती, गोल खिडकीबाहेर बांबू, स्टुलाखाली मांजर. कोपऱ्यातली अक्षरं कुणीतरी ‘च्यू यिंग’ अशी वाचून दाखवली, आणि तुम्ही इंटरनेटवर त्या नावाच्या चित्रांच्या किमती बघितल्या. आता तुम्हाला कळायला हवंय की या बायका कोण, चित्र खरं की खोटं, आणि ते दिवाणखान्यात टांगावं का.

मी कागद आणि रेशीम यांवरच्या चित्रांचं संवर्धन करतो. त्यामुळे माझी नजर आधी धाग्यांकडे जाते, सौंदर्याकडे नंतर. तरी सुरुवात तुमच्या पहिल्या प्रश्नापासूनच करतो.

या बायका बहुधा कुणीच नाहीत. म्हणजे नाव-गाव असलेल्या व्यक्ती नाहीत. चीनमध्ये व्यक्तिचित्रांची परंपरा भक्कम होती. पूर्वजांची चित्रं काढताना तिथले चित्रकार सुरकुती, चामखीळ, देवीचे व्रणसुद्धा सोडत नसत. पण सुंदर स्त्रियांची चित्रं हा प्रकारच वेगळा, आणि त्यात चेहरा साच्यातला असतो. लांबट अंडाकृती मुख, बारीक लांब डोळे, इवलंसं तोंड. कपाळ, नाक आणि हनुवटी या तीन ठिकाणी पांढऱ्याचा हात थोडा जास्त. तुमच्या चित्रातल्या तिघींचे चेहरे एकमेकींवर ठेवून बघा, जवळजवळ जुळतील. चित्रकाराला बहिणी दाखवायच्या नव्हत्या, चेहऱ्यातून काही सांगायचंच नव्हतं.

फार तर चेहऱ्या-अंगलटीवरून फॅशन कुठल्या काळाची ते कळतं. आठव्या शतकातल्या तांग दरबारात गुबगुबीत गाल आणि भरलेलं अंग सुंदर मानलं जाई. चोउ फांग या चित्रकाराच्या नावावर असलेलं, केसांत फुलं माळलेल्या स्त्रियांचं चित्र शनयांगच्या लियाओनिंग संग्रहालयात आहे, त्यात ते दिसतं. मिंग काळात, म्हणजे तांग यिन वगैरे चित्रकारांच्या वेळी, अंगलट सडसडीत झाली. एकोणिसाव्या शतकात गाइ छी आणि फेइ तान्श्यू या चित्रकारांच्या स्त्रिया तर खांदे उतरलेल्या, वाऱ्याने उडून जातील अशा. मात्र यावरून फक्त एवढंच ठरतं की चित्र त्या फॅशनच्या आधीचं असू शकत नाही. नंतरचं खुशाल असू शकतं, कारण जुन्याची नक्कल करणं हे तिकडे शिक्षण होतं आणि धंदाही.

मग बघायचं काय? खोली. या चित्रांत बोलतात त्या वस्तू.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. रेशमावरची बारा चित्रं, प्रत्येक साधारण १८४ सेंटीमीटर उंच आणि ९८ रुंद, प्रत्येकात जवळजवळ माणसाच्या उंचीची एक स्त्री. ही चित्रं अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, कांगशी सम्राटाच्या अखेरच्या वर्षांतली. त्याचा मुलगा यिनचन, म्हणजे पुढे १७२२ मध्ये गादीवर आलेला योंगचंग सम्राट, तेव्हा राजपुत्र होता, आणि युआनमिंगयुआन या त्याच्या उद्यानातल्या एका वाचनगृहात ती एका मोठ्या आडपडद्यावर बसवलेली होती. या बारा जणी योंगचंगच्या राण्या असाच समज कित्येक वर्षं होता. पण चू च्याचिन या संग्रहालयाच्याच अभ्यासकाने १९८६ मध्ये राजवाड्याच्या कारखान्यातली १७३२ सालची एक नोंद पुढे आणली. आडपडद्यावरून उतरवलेली ‘सुंदरींची बारा रेशमी चित्रं’ आणि त्यांच्यासाठी लाकडी दांडे करण्याचा हुकूम, एवढाच मजकूर. राण्यांचा उल्लेख सरकारी वहीत असा उघडावाघडा ‘सुंदरी’ म्हणून कुणी केला नसता, असा त्यांचा युक्तिवाद. सगळ्यांनाच तो पटला आहे असं नाही, पण मला पटतो. शिवाय त्या स्त्रियांच्या अंगावर हान चिनी पोशाख आहे, आणि राज्य करणारं छिंग घराणं मांचू होतं, हान नव्हे. राजवाड्यातल्या मांचू स्त्रियांना हान पोशाखाची मनाई होती.

आता त्या बारा खोल्यांत काय आहे ते बघा. एकीत स्त्री ठिपकेदार बांबूच्या खुर्चीवर बसली आहे आणि तिच्याभोवती जुन्या वस्तूंची फडताळं आहेत. त्यांतली भांडी इतकी नेमकी काढली आहेत की जाणकार ती ओळखतात: रू या जुन्या नामांकित भट्टीच्या धाटणीचं फिकट निळसर पात्र, तांबड्या झिलईची भिक्षूच्या टोपीसारखी झारी, काशाचं उभट मद्यपात्र. दुसरीत स्त्रीच्या हातात मीनाकाम केलेलं घड्याळ आहे आणि शेजारी शेवंती. तिसरीत ती जपमाळ ओढत दोन मांजरांचा खेळ बघते आहे आणि बाजूला युरोपीय धाटणीचं मोठं टोल्यांचं घड्याळ. एकीच्या हातातलं पुस्तक उघडं आहे आणि पानावरची कविता चक्क वाचता येते. तू छ्योउन्यांग नावाच्या स्त्रीच्या नावाने प्रसिद्ध असलेली ती कविता सांगते की भरजरी वस्त्राची हळहळ करू नका, तरुणपणाच्या दिवसांची करा.

आणि एका चित्रात फरचे उबदार कपडे घातलेली स्त्री हातातल्या आरशात बघते आहे. तिच्या मागच्या भिंतीवर झरझर लिहिलेल्या अक्षरांची कविता टांगली आहे, खाली सही आहे ‘पोचन च्यूशी’ अशी. ते यिनचनचंच टोपणनाव. म्हणजे खोलीत पुरुष नाही, पण भिंत त्याची, अक्षर त्याचं, भांडी त्याच्या आवडीची, आणि वाट बघणं चाललंय तेही बहुधा त्याचंच. स्त्रीच्या चेहऱ्यावर यातलं काहीही उमटलेलं नाही. सगळं सामानातून कळतं.

हा धागा धरून तुमच्या चित्राकडे या.

पंखा आणि शेवंती एकत्र आहेत, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शेवंती शरद ऋतूची. गोल रेशमी पंखा उन्हाळ्याचा. शरदात पंख्याचं काम संपलेलं असतं, आणि चिनी वाचकाला इथे लगेच हान दरबारातली पान च्येयू आठवते. सम्राटाची मर्जी उतरल्यावर तिने स्वतःला पेटीत टाकून दिलेल्या शरदातल्या पंख्यासारखी म्हटलं, अशी दोन हजार वर्षांची जुनी कविता तिच्या नावावर आहे. तांग यिनने हाच विषय घेऊन, हातात पंखा धरलेली एकच स्त्री काढली; ते चित्र शांघाय संग्रहालयात आहे. तेव्हा तुमच्या चित्रातली उभी स्त्री नुसती शोभेला उभी नाही. आपला मोसम संपला की काय, या शंकेत ती आहे. बसलेलीचं पुस्तक उघडं असून नजर पानावर नाही, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. ‘वाचनाला कंटाळलेली स्त्री’ हा तर ठरलेला विषय होता. लंग मेइ या दरबारी चित्रकाराचं १७२४ चं तसं एक सुंदर चित्र त्यानचिनच्या संग्रहालयात आहे. तिथेही टेबलाला रेललेली स्त्री, हातात पुस्तक आणि पायाशी एक छोटा कुत्रा.

मागचा आडपडदा ही चिनी चित्रकाराची लाडकी युक्ती. खोलीच्या आत आणखी एक चित्र. बायका उंबऱ्याच्या आत आहेत आणि त्यांच्या पाठीशी डोंगर, नदी, कदाचित एखादी होडी. त्या होडीत कुणी आहे का ते भिंगातून जरूर बघा. घरापासून दूर गेलेला माणूस दाखवायला ती जागा बरेचदा वापरतात. ‘हान शीत्साइची रात्रमैफल’ या जुन्या प्रसिद्ध चित्रात तर आडपडदे प्रसंग तोडण्याचं आणि जोडण्याचं काम करतात. साडेतीन मीटरच्या आतबाहेरची ती आडवी गुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडत जाते, आणि पडदा आला की समजायचं, पुढची खोली, पुढची वेळ.

मांजराबद्दल फार डोकं खाजवू नका. मांजरासोबत फुलपाखरू असेल तर दोघांच्या नावांचा उच्चार म्हातारपणाच्या शब्दांशी जुळतो आणि दीर्घायुष्याची शुभेच्छा होते. नुसतं मांजर बरेचदा नुसतं मांजर असतं. प्रत्येक फळाफुलात गूढ अर्थ शोधणारे लेख इंटरनेटवर पोत्याने पडले आहेत. त्यातले निम्मे शब्दकोश उघडून लिहिलेले असतात.

टेबलाच्या कडा मात्र बघा, त्यांत तारीख दडलेली असते. जुन्या चिनी रीतीत टेबलाच्या समोरच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जाणाऱ्या रेषा एकमेकींना समांतरच राहतात, दूर जाताना एकत्र येत नाहीत. आपल्याला सवय नसल्यामुळे टेबल मागे रुंद होतंय असा भास होतो. रेषा दूर एका बिंदूकडे धावत असतील, फरशी आत खेचली जात असेल, तर युरोपीय रीत त्या चित्रकाराने कुठेतरी पाहिलेली आहे. कास्तिल्योने हा इटालियन जेझुइट धर्मप्रचारक आणि चित्रकार १७१५ मध्ये बीजिंगला पोचला आणि दरबारात ती रीत रुजली. तुमच्या वर्णनावरून रेषा समांतर वाटतात, पण ते फोटोतूनच नीट ठरेल. आणि चहा आणणारी इतर दोघींपेक्षा लहान दिसते ती लांब उभी आहे म्हणून नाही, ती मोलकरीण आहे म्हणून.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही चित्रं बहुतेक करून पुरुषांनी पुरुषांसाठी काढली. आतल्या दालनातली एकटी, किंचित उदास, सुंदर स्त्री घरंदाज पत्नी आहे की गाणारी गणिका, हे चित्रकार बरेचदा मुद्दाम धूसर ठेवतो, कारण गिऱ्हाइकाला तेच आवडतं. अशा दालनांत खरोखर राहणाऱ्या आणि कुंचला हाती असलेल्या स्त्रियाही होत्या. तेराव्या-चौदाव्या शतकातली क्वान ताओशंग बांबूच्या चित्रांसाठी नावाजलेली होती. छिंग काळातली छन शू फुलंपानं आणि निसर्गदृश्यं काढायची. त्यांनी काय निवडलं बघा: बांबू, फुलं, डोंगर. खिडकीत झुरणारी सुंदरी हा त्यांचा आवडता विषय नव्हता. याहीपेक्षा जुन्या परंपरेचा सूर वेगळा होता. ब्रिटिश म्युझियममध्ये गू काईझी या प्राचीन चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी उपदेशाची गुंडाळी आहे. ती मूळ चित्राची पाचव्या ते सातव्या शतकादरम्यानची प्रत मानतात. तीत आरशासमोर केस विंचरून घेणाऱ्या स्त्रीच्या शेजारी मजकूर आहे: लोक रूप सजवतात, स्वभाव सजवायचं कुणी जाणत नाही. आरसा तोच. तिथे तो कान उघडतो, यिनचनच्या खोलीत तो नुसता लाडिक आहे.

आता सहीकडे. हे ऐकायला बरं वाटणार नाही. च्यू यिंगचं नाव दिसलं की अपेक्षा वाढवायची नसते, कमी करायची असते. हा मिंग काळातला, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला थोर चित्रकार. साध्या घरातून आला, आधी लाखेच्या कामातला कारागीर होता, पुढे सुझोउ शहराच्या आसपासच्या धनिक संग्राहकांच्या घरी राहून काम करू लागला. राजवाड्यातल्या स्त्रियांची वसंतातली सकाळ दाखवणारी त्याची गुंडाळी तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. उंची जेमतेम ३०.६ सेंटीमीटर आणि लांबी ५७४ सेंटीमीटर. तीत बायका सारीपाटासारखा खेळ मांडून बसल्या आहेत, वाद्यं वाजवताहेत, रेशमाच्या ताग्याला इस्त्री करताहेत, मुलं खेळवताहेत, आणि एका ठिकाणी चित्रकार एका राणीचं चित्र काढतो आहे. त्याचं नाव इतकं गाजलं की सुझोउमधल्या कारखान्यांनी मिंगच्या अखेरपासून छिंग काळापर्यंत च्यू यिंग आणि तांग यिन यांच्या नावाने चित्रं पाडण्याचा मोठा उद्योगच चालवला. एकाने रेषा काढायची, दुसऱ्याने रंग भरायचा, तिसऱ्याने सही आणि शिक्के. चीनमध्ये या मालाला ‘सुझोउचे तुकडे’ असंच नाव पडलं. दरबारी संग्रहातसुद्धा ते शिरले. २०१८ मध्ये तैपेईच्या त्याच संग्रहालयाने या नकली चित्रांचंच प्रदर्शन भरवलं, कारण त्यांतली काही अप्रतिम आहेत आणि पुढच्या पिढ्यांनी च्यू यिंग पाहिला तो बहुतेक यांच्यातूनच.

म्हणजे तुमच्या चित्राला तीन शक्यता आहेत. जुना सुझोउ माल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची प्रत, किंवा बंदरात बोटीवरच्या लोकांना विकायला केलेला, पणजोबांच्या काळातला ताजा माल. पणजोबांची नोकरी आणि खरेदीची जागा बघता मी दुसऱ्या-तिसऱ्याकडे झुकेन. अस्सल च्यू यिंगची शक्यता मी धरतच नाही.

हे ठरवायला दहापट मोठं दिसणारं भिंग पुरेल. आधी बसलेलीच्या गालावर आणि बाहीवर बघा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील आहे आणि विषय मिटला. नसेल तर रेषा बघा. या सूक्ष्म शैलीत आधी बारीक शाईची बाह्यरेषा, मग तुरटी-सरसाचा हात दिलेल्या रेशमावर पातळ रंगाचे थरावर थर येतात. चांगल्या कामात काही रंग मागच्या बाजूने लावलेला असतो, त्यामुळे समोरून गाल आतून उजळल्यासारखे दिसतात. घाईच्या कामात सगळा रंग वरून, सपाट आणि थोडा खडूसारखा. केसांच्या कडेला तर लबाडी हमखास उघडी पडते. कपाळावरचे केस मुळापासून एकेक सुटत विरत जायला हवेत. टोपी घातल्यासारखी काळी कड दिसली की समजायचं, हात साधारण आहे.

गालांवर किंवा फुलांवर काळपट डाग आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. ती बुरशी असेलच असं नाही. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाच्या वायूने काळा पडतो. ते रासायनिक प्रक्रियेने परत पांढरं करता येतं, पण घरी नाही. कापसाचा बोळा लावून पुसूसुद्धा नका. आणि सगळं चित्र एकसारखं चहाच्या रंगाचं असेल तर वयाचा पुरावा म्हणून ते धरू नका. नवं रेशीम जुनं दिसावं म्हणून रंगवून घेणं सर्रास चाले. खऱ्या वयात रंगछटा असमान असते, आणि गुंडाळून-उलगडून आडव्या चिरा पडलेल्या असतात.

मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत सापडणाऱ्या दोन चिनी प्रकारांशी हे चित्र गफलतीने जोडू नका. कँटनहून परदेशी गिऱ्हाइकांसाठी येणारी, झाडाच्या गराच्या पातळ कापांवर काढलेली छोटी भडक चित्रं वेगळी. ती बिस्किटासारखी तुटतात. काचेच्या मागून रंगवलेली चित्रंही वेगळी. ती अठराव्या शतकापासून चीनच्या व्यापारातून पश्चिम भारतात येत होती, ज्या व्यापाराने पारशी घरांत गारा साड्या आणल्या त्याच. दोन्हींमध्ये खोलीत बसलेल्या चिनी बायका असतात, पण तुमचं गुंडाळी-चित्र चिनी घरात टांगायच्या रीतीने बांधलेलं आहे. त्या रीतीतच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ही चित्रं बारमाही टांगण्यासाठी नसतातच. ऋतू किंवा प्रसंग बघून काही आठवडे लावायची आणि गुंडाळून ठेवायची. शेवंती आणि पंख्याचं चित्र दिवाळीच्या आगेमागे लावा, हवाही कोरडी असते. उन्हाची तिरीप, एसीचा झोत आणि बाहेरची भिंत टाळा. पावसाळ्यात अजिबात बाहेर काढू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, कपाटाच्या मधल्या फळीवर, आडवं ठेवा. डांबराच्या गोळ्या, सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यांपैकी काहीही त्याच्या जवळ येऊ देऊ नका. फ्रेमवाल्याकडे तर नेऊच नका. तो प्लायवर चिकटवून देईल, आणि पाठीमागचा कागद, ज्यावर रेशमाचं सगळं आयुष्य टेकलेलं असतं, कायमचा जाईल. दांड्याजवळ फाटलं असेल तर तसंच राहू द्या. गव्हाच्या खळीने लावलेलं अस्तर पाण्याने सोडवून नवं करता येतं, म्हणूनच ही चित्रं शतकानुशतकं टिकतात. पण ते रेशमाच्या जाणकार संवर्धकाचं काम.

विकायचा विचार असेल तर एक कायदा लक्षात ठेवा. चित्र शंभर वर्षांपेक्षा जुनं ठरलं तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ते येतं, मग ते मुळात चीनचं असलं तरी, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या लिलावाचे आकडे त्यामुळे तुमच्या कामाचे नाहीत.

पुढचं मत हवं असेल तर फोटो असे पाठवा: दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, पूर्ण चित्र समोरून. मग बसलेलीचा चेहरा आणि केस, टेबलाचे चारही कोपरे, आडपडद्यावरची नदी, सही आणि शिक्का जवळून. पाठीमागची पूर्ण बाजू, आणि दांड्याभोवती चिकटवलेली एखादी कागदाची पट्टी असेल तर तीही. गुंडाळी कुठल्या डब्यात होती, तो डबाही टाकू नका. दुकानाचं लेबल बरेचदा त्याच्या झाकणाच्या आत असतं.